जळाऊ लाकडाची वखार आणि झाडांचा दवाखाना

पाटी रंगवून आठवडाही झाला नव्हता, तोच एक वयस्क बाई गुडघा दाखवायला आल्या. वखारीच्या दारातल्या ओंडक्यावर बसल्या, साडी जराशी वर सरकवली आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "जिना चढताना फार दुखतं. ऑपरेशन नको, गोळ्या द्या."

चूक त्यांची नव्हती. चेन्नईच्या सैदापेटेतल्या आमच्या लाकडाच्या वखारीच्या भिंतीवर मी 'झाडांची शस्त्रक्रिया केली जाईल' असं तमिळ आणि इंग्रजीत लिहायला सांगितलं होतं. रंगाऱ्याने 'झाडांची' हा शब्द बारीक काढला आणि 'शस्त्रक्रिया' हातभर लाल अक्षरांत. वर हौसेने शेजारी एक लाल फुलीही काढून दिली. मी बाईंना माझ्या मोडक्या तमिळमध्ये समजावलं की मी माणसांची नाही, झाडांची डॉक्टर आहे. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग मागे रचलेल्या जळणाच्या ढिगाकडे बघितलं आणि साडी सारखी करून उठून गेल्या.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, वजनकाट्याजवळ बसून हे सगळं पाहत होते. "मीं तुज सांगिटलें होतें," ते म्हणाले, "झाडें कापून मिळतील म्हणून लिही. अस्क्यांस समजेल." अस्के म्हणजे सगळे.

मी सांगलीकडची. शेतकी कॉलेजात शिकले, फळबागा हा माझा विषय. लग्न करून चेन्नईला आले तेव्हा नवीन शतक नुकतं सुरू झालं होतं. सासरचे लोक तंजावरचे मराठी, दोन पिढ्यांपूर्वी पोटापाण्यासाठी चेन्नईला आलेले. त्यांचं मराठी ऐकताना सुरुवातीला मला वाटायचं, कुणीतरी जुनी बखर तमिळ चालीत वाचतंय. माझं मराठी त्यांना वर्तमानपत्रासारखं वाटायचं. नवरा श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात. कंपनीची बस पहाटे घ्यायला यायची, परत सोडायची तेव्हा तो अर्धा झोपलेला असायचा. मामंजींची पाठ धरली आणि वखारीत बसायला कुणीतरी हवं झालं, तेव्हा घरात मोकळी अशी मीच होते.

धंदा तोवर मावळतीला लागलेला होता. घरोघरी गॅस आलेला. गिऱ्हाइकं उरली ती लग्नाच्या हॉलचे आचारी, एक बिर्याणीवाला आणि जवळपासच्या दोन बेकऱ्या. त्यांना लागायचं सुरूचं नाहीतर वेड्या बाभळीचं लाकूड, आणि ते बाहेरगावाहून लॉरीने यायचं. जोडीला मामंजींची एक टोळी होती. तिचा मेस्त्री, म्हणजे मुकादम, मामंजींच्या तरुणपणापासूनचा. कुणाच्या अंगणातलं झाड उतरवायचं असलं की ही टोळी कोयते आणि दोर घेऊन जायची आणि लाकूड वखारीत आणायची.

ती टोळी काम कसं करते ते मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला स्वस्थ बसवेना. झाडावर चढायचं आणि हाताला लागेल ते तोडायचं. फांदी खाली येताना खोडाची साल लांबपर्यंत सोलून आणायची. नुसता बुंधा आणि दोन-चार खुंट उरले की काम झालं. याला ते 'मोट्टै' म्हणत, म्हणजे टक्कल. गिऱ्हाईकही तेच मागायचं, एकदा मोट्टै करून टाका, वर्षभर कटकट नको. मी मेस्त्रीला दाखवलं, आधी खालून थोडं काप, मग वरून, म्हणजे साल फाटत नाही. फांदी जिथे खोडाला मिळते तिथला फुगवटा सोडून काप, म्हणजे जखम आपोआप मिटते. त्याने ऐकून घेतलं. "सरी अम्मा," म्हणाला, म्हणजे ठीक आहे. आणि मी पाठ वळवताच पुन्हा आपल्याच पद्धतीने कोयता चालवायला लागला.

तरी मी चिकाटी सोडली नाही. साखळी-करवत घेतली, चांगले दोर आणले, पोरांना पट्टे बांधायला लावले. पण लोक! चेन्नईतल्या लोकांना झाड म्हणजे नेमकं काय हवं होतं, हे मला कधीच कळलं नाही. सावली हवी, पण पानं पडायला नकोत. फुलं हवीत, पण गाडीवर नकोत. एका गृहस्थांनी आंब्याचं झाड दाखवून सांगितलं की रस्त्याकडची बाजू तोडा, कारण मुलं दगड मारतात, आणि घराकडची बाजूही तोडा, कारण माकडं येतात. मी विचारलं, मग राहिलं काय? ते म्हणाले, "आंबे." द्राक्षबागेत आम्ही छाटणीच्या जखमांवर मोरचूद आणि चुन्याची पेस्ट लावायचो. ती मी इथेही लावायला लागले, तर तेवढीच एक गोष्ट लोकांना आवडली. निळं औषध दिसतं ना! मी जिथे कापलंच नव्हतं तिथेही 'जरा लावून द्या' म्हणून मागे लागायचे.

आणि सगळ्यात वैताग म्हणजे शहरातल्या या झाडांचं लाकूड वखारीत कुणाला नको असायचं. गुलमोहर पेटतो कमी आणि धुमसतो जास्त. कडुनिंबाच्या धुराने डोळे चुरचुरतात. पण रस्त्याने जाणारा येणारा हेच म्हणायचा की लाकडासाठी हिने एवढा खटाटोप मांडलाय. आमच्या भिंतीला लागून जळणाचा ढीग, आणि त्याच भिंतीवर मी झाडं वाचवते म्हणून पाटी. कुणी विश्वास ठेवावा तरी कसा?

अड्यारकडच्या एका फ्लॅटच्या सोसायटीतून फोन आला तो असल्याच दिवसांत. फोन करणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका, तळमजल्यावर एकट्या राहायच्या. आवारात विलायती शिरिषाचं भलंमोठं झाड होतं, संध्याकाळी पानं मिटून झोपतं ते. सोसायटीच्या सेक्रेटरींना ते तोडायचं होतं. "एकदा तुम्ही बघून जा," बाई म्हणाल्या. "मला वाटतं म्हणून कुणी ऐकणार नाही. तुम्ही शिकलेल्या आहात, तुमचं ऐकतील."

गेले. झाड खरोखर देखणं होतं. त्याच्या छत्रीखाली इमारतीची अर्धी बाजू सावलीत होती. फाटकाजवळ, त्याच सावलीत, इस्त्रीवाल्या नवरा-बायकोची हातगाडी. त्यांचं सगळं दुकान त्या झाडाच्या भरवशावर उभं होतं. मी वर चढून, ठोकून, सळई घालून बघितलं. खोड निकोप होतं. फक्त एक जाड फांदी, फाटकाच्या दिशेने आडवी गेलेली, आतून पोकळ झाली होती. कधीकाळी कुणी केबल बांधायला तिच्यात लोखंडी खिळे मारले होते आणि तिथून पाणी आत जिरत गेलं होतं. दोन-तीन फांद्यांचा भार हलका करायला हवा होता. बुंध्याभोवती अगदी खोडाला भिडवून सिमेंट केलं होतं, ते फोडायला हवं होतं. आणि ती पोकळ फांदी काढायलाच हवी होती.

रविवारी गाड्या लावायच्या जागेत प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून सभा झाली. सेक्रेटरी कुठल्याशा सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्यांनी झाडाचे गुन्हे वाचून दाखवले. टाकीत पानं पडतात. सुरवंट येतात. कावळे गाड्या घाण करतात. मुळांमुळे भिंत एके ठिकाणी उचलली आहे.

मी माझ्या तमिळमध्ये सुरुवात केली, पण लोक हसायला लागले, म्हणून इंग्रजीत बोलले. झाड निरोगी आहे, एकच फांदी धोक्याची आहे, ती या पावसाळ्याच्या आत काढा, बाकी झाडाला हात लावायचं कारण नाही.

"कोणती फांदी?" सेक्रेटरींनी विचारलं.

मी दाखवली. ते उठून तिच्याखाली जाऊन उभे राहिले आणि वर बघत बसले. त्यांच्या पलीकडे त्यांची गाडी उभी होती.

"ही नको," ते म्हणाले. "ही काढली तर मे महिन्यात माझी गाडी उन्हात."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चुकलं. "तुम्हाला तर पूर्ण झाडच काढायचं होतं ना?"

"ते निघालं असतं तर मी तिथे पत्र्याचं छप्पर टाकणार होतो. पण झाड ठेवायचंच म्हणता, तर मग सावली देणारी फांदी कशाला काढायची? बाकीची काढा की!"

"बाकीच्या चांगल्या आहेत. ही पडणार आहे."

"कधी?"

आता झाड काय तारीख सांगतं? मी म्हटलं, "जोराचा पाऊस झाला तर यंदाच."

"म्हणजे तुम्हालाही नक्की माहीत नाही," ते म्हणाले, आणि खुर्च्यांवरून हसू फुटलं. शिक्षिका बाई उठून बोलायला लागल्या, तर दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, मामी, तुम्ही तळमजल्यावर, तुमच्या खिडकीत कावळे येत नाहीत. शेवटी ठरलं ते असं. झाड राहील, इतर फांद्या हलक्या करायच्या, सिमेंटचं पुढे बघू आणि ती फांदी आहे तशी ठेवायची. मी सगळ्यांसमोर पुन्हा एकदा सांगितलं की हे चुकीचं आहे. इस्त्रीवाल्यालाही सांगितलं, गाडी जरा या बाजूला घे. तो म्हणाला, "त्या बाजूला ऊन येतं अम्मा. आधीच कोळशाच्या इस्त्रीपुढे उभे असतो आम्ही."

काम करून मी परत आले आणि घरी सगळ्यांवर चिडले. नवरा म्हणाला, "तुझंही बरोबर आहे, त्यांचंही आपल्या जागी…" मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही.

कार्तिकात चेन्नईला जसा पाऊस लागतो तसा लागला. बरेच दिवस उघडीप नाही. एका दुपारी शिक्षिका बाईंचा फोन. "पडली," एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

मी रिक्षाने पोचले तेव्हा सगळी इमारत खाली जमली होती. फांदी इस्त्रीच्या गाडीवर आडवी पडली होती. गाडीची चार चाकं चार दिशांना आणि छपराचा चुराडा. नवरा-बायको दोघं जेवायला घरी गेले होते, म्हणून वाचले. कपड्यांची गाठोडी चिखलात दबलेली. सेक्रेटरींची गाडी जराशा अंतरावर, नुसती पानांनी माखलेली, काच देखील तडकली नव्हती.

इस्त्रीवाल्याची बायको फांदीखालून एकेक कपडा ओढून काढत होती. कुणाची पँट, कुणाची रेशमी साडी. ज्यांचे कपडे होते ते तिच्याभोवती उभे राहून विचारत होते, आमच्या मुलाचा शाळेचा शर्ट सापडला का? ती पुढचा कपडा ओढायची. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि चिखलातून कपडे ओढायला लागले.

"म्हटलं नव्हतं, हे झाड धोक्याचं आहे म्हणून?" मागून सेक्रेटरी सगळ्यांना सांगत होते. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निरोगी आहे!"

मी उठून उभी राहिले. "मी ही फांदी काढा म्हणून सांगितलं होतं. इथेच. तुमच्यासमोर."

"तुम्ही तर बरंच काही सांगितलं होतं, मॅडम. आता प्रश्न जिवाचा आहे. झाड जाणार."

मी तिथे जमलेल्या एकेकाकडे बघितलं. सभेला सगळे होते. फक्त शिक्षिका बाई म्हणाल्या, "त्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलंय." बाकी कुणाला काही आठवत नव्हतं.

झाड तोडायचं काम त्यांनी आमच्याच वखारीकडे दिलं. मी साफ नाही म्हटलं. मामंजींनी रात्रीच्या जेवणाला विषय काढला.

"आपण नाही तर दुसरा कोणी जाईल गे."

"जाऊ दे दुसऱ्याला."

"मग लांकडें दुसऱ्याचे वखारींत जातील."

"ती लाकडं धड पेटत नाहीत, मामंजी! तुम्हालाच माहीत आहे."

"इतकीं वर्षें झालीं, हातांत आलेलें काम आम्ही कधीं परत धाडलें नाहीं," ते म्हणाले आणि ताटावरून उठले.

मला वाटलं, विषय संपला. तो संपला नव्हता. पुढच्या आठवड्यात मी एका शाळेतलं काम बघायला गेले होते. परत आले तर वखारीच्या दारात टेंपो उभा आणि त्यातून शिरिषाचे ओंडके उतरत होते. मेस्त्रीने माझी नजर चुकवली. "अय्यांनी सांगितलं, अम्मा," म्हणाला. अय्या म्हणजे मामंजी.

मी एका ओंडक्याजवळ गेले. कापलेली बाजू काळसर तपकिरी, घट्ट, कुठे एक भोक नाही की कुजका डाग नाही. दुसरा बघितला, तिसरा बघितला. अख्खं झाड असंच होतं. मी मामंजींना म्हटलं, "बघा. या झाडाला काय झालं होतं ते मला दाखवा." ते काट्याचं वजन पुसत राहिले. त्या दिवशी मी आवाज चढवून बोलले. सासऱ्यांशी त्या घरात कुणी तसं बोललं नव्हतं, आणि मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. वखारीची किल्ली काढून त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "तुमचा धंदा तुम्ही बघा."

मी वखारीत जाणं बंद केलं. मामंजी दुखरी पाठ घेऊन पुन्हा काट्यावर बसायला लागले. पोंगलच्या सुमारास लॉरी वेळेवर आली नाही, सुरूचं लाकूड संपलं आणि त्यांनी बिर्याणीवाल्याला शिरिषाच्या ढलप्या दिल्या. दुसऱ्या दिवशी तो त्या तशाच परत घेऊन आला. धुराने शेजारी भांडायला आले, भाताला धुराचा वास लागला, गिऱ्हाइकांनी ताटं परत केली, हे सगळं त्याने वखारीच्या दारात उभं राहून गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, अय्या," असंही म्हणाला.

मामंजी घरी आले आणि ओट्यापाशी येऊन उभे राहिले. मी भाजी चिरत होते. माफी मागणारे ते नव्हतेच. किल्ली त्यांनी चिरलेल्या भाजीशेजारी ठेवली.

"ह्यापुढें झाडांचें तूं पाह. लांकडांचें मीं पाहतों. तुझीं झाडें माझे वखारींत नकोत."

"माझीही तीच अट आहे," मी म्हटलं.

पण ते ओंडके वखारीची अर्धी जागा अडवून पडले होते. विकायला हवेच होते. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांसाठी लाकडी खोकी बनवणारा एक कारखानदार ते घ्यायला तयार झाला. माल उतरवताना मी सोबत होते. त्याने एक ओंडका उलटापालटा केला आणि सहज म्हणाला, "इतकं चांगलं झाड कुणी तोडलं?" मला इतका संताप आला की मी त्याला सभेपासून सगळं सांगून टाकलं. बिचारा ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "माझ्या आवारात एक कडुनिंब आहे. पत्र्यावर घासतो. बघाल?"

मधल्या काळात त्या सोसायटीत काय झालं ते मला शिक्षिका बाईंकडून कळत होतं. पश्चिमेचं ऊन आता थेट त्यांच्या खोलीत. दुपारी त्या जिन्याखाली खुर्ची टाकून बसायच्या. इस्त्रीवाल्यांना सोसायटीने नवी गाडी करून दिली, पण ते परत आले नाहीत, दोन गल्ल्या पलीकडे एका पुंगमच्या, म्हणजे करंजाच्या, सावलीत गेले. आता लोकांना कपड्यांची गाठोडी घेऊन तिथवर चालत जावं लागायचं, आणि त्याबद्दलही तक्रार होती. एप्रिलमध्ये खुद्द सेक्रेटरींचा फोन आला. लवकर वाढणारं, पानं न गळणारं, पक्षी न बसणारं एखादं झाड मिळेल का? मी म्हटलं, तुम्ही छत्री घ्या. फोन ठेवला. नवरा म्हणाला, एवढं तोडून बोलायला नको होतं. मी म्हटलं, याहून मऊ मला बोलता येत नाही आता.

गिंडीच्या कडुनिंबाचं काम आम्ही त्याच उन्हाळ्यात केलं. आत यंत्रांची घरघर चालू होती, मालकाची एकच अट, काम थांबता कामा नये. मी स्वतः दोर धरून खाली उभी राहिले आणि मेस्त्रीला एकेक फांदी बोट दाखवून सांगितली. ही. ही नको. हिचं फक्त टोक. तो वरून कुरकुरत होता की एवढ्या वेळात चार झाडं झाली असती. मी म्हटलं, चार झाडांचं काय झालं असतं ते मला माहीत आहे. पत्र्याला घासणाऱ्या फांद्या फुगवटा राखून नीट काढल्या, वाळलेलं काढलं, आतली गर्दी मोकळी केली. हिरवा गोल होता तसा राहिला. वारा आता त्यातून आरपार जात होता.

संध्याकाळी मालक बाहेर आला, कमरेवर हात ठेवून वर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा वर.

"मॅडम, दिवसभर केलंत काय? झाड तर तसंच दिसतंय."

मी दमले होते, घामाने भिजले होते आणि समजावून सांगायचं त्राण उरलं नव्हतं. "हो," म्हटलं, "तसंच दिसायला हवं." त्याला ते पटलं नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तरी त्याने आत वळून आम्हा सगळ्यांसाठी चहा सांगितला, आणि मेस्त्री दोर गुंडाळायला लागला.